दुसरा आकडा : जुन्या सहभागींच्या शोधाची भारतीय कथा

डिसेंबर २०२३ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजेच सीएसआयआरने, 'फिनोम इंडिया' नावाचा दीर्घकालीन आरोग्य-अभ्यास हाती घेतल्याचे जाहीर केले. परिषदेचे कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक आणि त्यांचे जोडीदार असे सुमारे १०,००० जण त्यात सहभागी झाले. १७ राज्ये आणि २४ शहरे यांत ते विखुरलेले आहेत. भारतीयांमधील मधुमेह, हृदयविकार आणि यकृताचे विकार यांचा धोका आधीच ओळखता यावा, हा या अभ्यासाचा हेतू आहे.

अशा बातमीतला पहिला आकडा आपल्या लक्षात राहतो : किती जणांची नोंद झाली, किती नमुने गोळा झाले. परंतु अशा अभ्यासाचे मोल ठरते ते दुसऱ्या आकड्यावर. पाच, दहा, वीस वर्षांनी त्यांपैकी किती जण पुन्हा सापडले, आणि सापडल्यावर किती जण पुन्हा 'हो' म्हणाले? हा आकडा क्वचितच मथळ्यात येतो. तो शोधनिबंधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, 'सहभागी' या शीर्षकाखाली असतो. भारतात या दुसऱ्या आकड्याचा एक स्वतंत्र इतिहास आहे. म्हैसूर, दिल्ली, हैदराबाद, पुणे आणि भोपाळ या पाच ठिकाणांच्या आधारे तो येथे मांडत आहे. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. मात्र मापन, त्रुटी आणि पुनर्मापन हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत, आणि या इतिहासाकडे मी त्याच वाटेने आलो.

कागदावर थांबलेला काळ

प्रयोगशाळेत एखादे मापन संशयास्पद वाटले, तर उपकरण पुन्हा लावून ते नव्याने घेता येते. माणसाच्या आयुष्याचे तसे नाही. तिशीतल्या माणसाला मधुमेह झाला आणि त्याचे मूळ बालपणातल्या वाढीत असावे अशी शंका आली, तर त्याचे दोन वर्षांच्या वयातले वजन आज मोजता येत नाही. त्याला ते आठवत नसते. त्याच्या आईच्या आठवणीवरही विसंबता येत नाही. मग दोनच मार्ग उरतात. आज जन्मणाऱ्या बालकांची वजने नोंदवून तीस वर्षे थांबायचे. अथवा पूर्वी कोणीतरी, कोणत्यातरी वेगळ्याच हेतूने, अशा नोंदी केल्या असतील तर त्या हुडकायच्या आणि त्या नोंदींतली माणसे आज कुठे आहेत याचा शोध घ्यायचा.

दुसऱ्या मार्गाचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरचे. तेथील सुईणी आणि आरोग्य-सेविका १९११ पासून बालकांची जन्मवेळची आणि वर्षाच्या वयाची वजने वह्यांमध्ये नोंदवत असत. एथेल मार्गारेट बर्नसाइड या त्या व्यवस्थेच्या प्रमुख होत्या. साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या गटाला या वह्या मिळाल्या आणि १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले, हे त्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. वर्षाच्या वयात ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक होते. त्या पहिल्या निबंधात केवळ पुरुषच होते, ही बाब ध्यानात ठेवावी. विवाहानंतर आडनाव बदलते आणि कागदावरचा धागा तेथेच तुटतो. हा अडथळा आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

हर्टफर्डशरच्या संशोधकांना एक मोठी सोय होती. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेची मध्यवर्ती नोंदणी असल्याने एखादी व्यक्ती हयात आहे की नाही, मृत्यूचे कारण काय, हे तिच्या दारात न जाताही कळू शकत असे. भारतात अशी नोंदणी नव्हती. येथे दारात जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

म्हैसूर : वहीतून घराकडे

म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल या मिशन रुग्णालयात १९३४ पासून प्रत्येक नवजात बालकाचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर नोंदवून ठेवलेला होता. अशा वह्या साठ वर्षे टिकणे, वाळवी, ओल आणि रद्दीवाला या तिघांच्या तावडीतून सुटणे, हेच आपल्याकडे नवल. १९९० च्या दशकात साउथॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी या नोंदींतली माणसे शोधायला घेतली.

परंतु जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव कुठून असणार? आपल्याकडे नामकरण नंतर होते; वहीत असते ते आईबापांचे नाव. त्यामुळे शोधाची दिशा उलटी करावी लागली. वहीतून माणसाकडे जाण्याऐवजी रुग्णालयाच्या परिसरात घरोघर पाहणी करून 'आपला जन्म या रुग्णालयात झाला का?' असे विचारले गेले आणि मग त्यांची वहीतल्या नोंदींशी जुळणी केली गेली. अशा रीतीने १९३४ ते १९५४ दरम्यान जन्मलेले आणि अद्याप त्याच परिसरात राहणारे ५१७ स्त्री-पुरुष मिळाले. १९९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला निष्कर्ष हर्टफर्डशरशी जुळणारा होता : जन्मतः लहानखुऱ्या असलेल्यांमध्ये उतारवयात हृदयविकाराचे प्रमाण अधिक.

मधुमेहाचा निष्कर्ष मात्र जुळला नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार म्हैसूरमध्ये मधुमेहाचा संबंध नुसत्या कमी जन्मवजनाशी नव्हता. लांबीने आखूड पण त्या मानाने जड असलेल्या बाळांमध्ये पुढे मधुमेह अधिक दिसला, आणि त्यांच्या मातांची वजनेही जास्त होती. यातून गर्भारपणातल्या मधुमेहाविषयी शंका उभी राहिली आणि त्याच रुग्णालयात १९९७ च्या सुमारास गर्भवती स्त्रियांचा 'पार्थेनॉन' हा नवा अभ्यास सुरू झाला. जुन्या वहीने नवी वही उघडायला लावली.

या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. जे त्या परिसरात राहिले, तेच सापडले. जे बेंगळुरूला किंवा मुंबईला गेले, ज्या मुली लग्न होऊन दूर गेल्या, आणि जे तोवर वारले, ते सगळे या चित्राबाहेर राहिले.

दिल्ली : ८,१८१ पैकी १,५२६

या इतिहासातला सर्वांत शिकवणारा अध्याय दिल्लीचा. १९६९ ते १९७२ दरम्यान दक्षिण दिल्लीतील सुमारे १२ चौरस किलोमीटरच्या भागात राहणाऱ्या २०,७५५ विवाहित स्त्रियांची नोंद झाली. शांती घोष आणि संतोष भार्गव हे सफदरजंग रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ या कामात अग्रभागी होते. या स्त्रियांची गर्भारपणे नोंदवली गेली, ८,१८१ जिवंत बालके जन्मली, आणि जन्मापासून ठरावीक अंतराने त्यांची उंची आणि वजन मोजले गेले. मूळ हेतू गर्भारपणाचे परिणाम, जन्मवजन आणि बालकांची वाढ समजून घेण्याचा होता. मधुमेहासाठी ही मापने कोणी घेतली नव्हती.

१९९८ मध्ये, बालके जवळजवळ तिशीला आल्यावर, त्यांचा पुन्हा शोध सुरू झाला. मधल्या काळात दिल्ली ओळखू येऊ नये इतकी बदललेली. भाड्याची घरे सुटली होती, नोकऱ्यांनी कुटुंबे परगावी नेली होती, मुली सासरी गेल्या होत्या. चार वर्षांच्या शोधानंतर सुमारे अडीच हजार जणांचा ठावठिकाणा लागला. त्यांतील १,५२६ जण तपासणीसाठी तयार झाले : ८८६ पुरुष आणि ६४० स्त्रिया. म्हणजे मूळ बालकांपैकी सुमारे १९ टक्के. स्त्री-पुरुषांच्या संख्येतली ही तफावत पाहिली की हर्टफर्डशरमध्ये तुटलेला धागा आठवतो.

२००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये यांपैकी १,४९२ जणांवर आधारलेला निबंध आला. वय २६ ते ३२, आणि तरीही ४.४ टक्के लोकांना मधुमेह होता, आणखी १०.८ टक्के लोकांची साखर पचवण्याची क्षमता बिघडलेली होती. बालपणीच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर दिसले ते असे : या व्यक्ती दोन वर्षांच्या वयापर्यंत इतरांपेक्षा बारीक होत्या. बालकाचा अंगलोट पहिल्या वर्षानंतर काहीसा सडसडीत होत जातो आणि काही वर्षांनी पुन्हा भरू लागतो. या व्यक्तींमध्ये हे भरणे इतरांच्या आधी सुरू झाले आणि पुढे वेगाने वाढत गेले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी एकही जण लठ्ठ नव्हता. शाळेतल्या आरोग्य-तपासणीत त्यांच्याकडे कोणी बोट दाखवले नसते. धोका कोणत्याही एका वेळच्या वजनात नव्हता, वजनाच्या वाटचालीत होता; आणि वाटचाल दिसण्यासाठी एकाच माणसाची अनेक वेळची मापने लागतात. आज कोणी लाखो प्रौढांची एकदाच तपासणी केली, तरी हे दिसणार नाही.

हा निष्कर्ष भारतापुरता राहिला नाही. ब्राझील, ग्वाटेमाला, फिलिपीन्स आणि दक्षिण आफ्रिका येथील जन्म-अभ्यासांबरोबर दिल्लीचा अभ्यास एका आंतरराष्ट्रीय समूहात सामील झाला. बालपणीच्या कुपोषणाचे परिणाम प्रौढपणी कसे दिसतात, यावर २००८ मध्ये 'लॅन्सेट'ने जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात भारताची बाजू दिल्लीतल्या या माणसांनी मांडली.

जे आले नाहीत त्यांचे गणित

येथे कोणीही विद्यार्थी रास्त प्रश्न विचारील : ८१ टक्के लोक गळाले असताना या निष्कर्षावर विश्वास कसा ठेवायचा?

गळतीमुळे होणारी हानी दोन प्रकारची असते. पहिली केवळ संख्येची. ८,१८१ ऐवजी १,५२६ जण उरले, तर यादृच्छिक त्रुटी संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे अनिश्चितता सुमारे २.३ पट होते. हे नुकसान मोजता येते आणि सोसताही येते.

दुसरी हानी अधिक घातक, कारण ती संख्या वाढवून भरून निघत नाही. समजा, १,००० लोकांपैकी १०० जणांना मधुमेह आहे. तपासणी फुकट आहे असे कळल्यावर आजारी लोकांपैकी ६० टक्के आले आणि निरोगी लोकांपैकी ३० टक्केच आले. मग आपल्यासमोर ६० आजारी आणि २७० निरोगी असतील, आणि आपण जाहीर करू की मधुमेहाचे प्रमाण १८ टक्के आहे. खरे प्रमाण १० टक्के होते. लाख लोकांवर हाच प्रयोग केला, तरी उत्तर १८ टक्केच येईल. फक्त ते अधिक ठामपणे चुकलेले असेल. भौतिकशास्त्रात हिला पद्धतशीर त्रुटी म्हणतात. ताजव्याचा काटाच सरकलेला असेल, तर दहा वेळा वजन करून काय उपयोग?

मात्र जुन्या सहभागींकडे परत जाणाऱ्या अभ्यासाला एक आधार असतो, जो नव्या पाहणीला नसतो. जे आले नाहीत, त्यांचीही जन्मवेळची नोंद वहीत शिल्लक असते. आलेल्यांची जन्मवजने आणि न आलेल्यांची जन्मवजने शेजारी ठेवून, गळतीने चित्र किती वाकले असावे याचा अंदाज घेता येतो. शिवाय 'मधुमेह किती जणांना' हे प्रमाण गळतीने जितके बिघडते, तितका 'बालपणीची वाढ आणि मधुमेह यांचा संबंध' सहसा बिघडत नाही. तो बिघडायला गळतीचा संबंध वाढीशी आणि आजाराशी एकाच वेळी असावा लागतो. म्हणून दिल्लीचा ४.४ टक्के हा आकडा संपूर्ण शहराला लावताना सावध राहावे. वाढीच्या वाटचालीबद्दलचा निष्कर्ष अधिक भरवशाचा मानावा. एकाच निबंधातल्या दोन विधानांचे वजन वेगवेगळे असू शकते, हे विज्ञानवार्ता वाचताना विसरू नये.

हैदराबाद : अंगणवाडीतला आहार, पंधरा वर्षांनंतर

माणसे पुन्हा सापडली, तर जुन्या प्रयोगालाही नवे उत्तर मिळू शकते. १९८७ ते १९९० दरम्यान हैदराबादजवळच्या २९ गावांत राष्ट्रीय पोषण संस्थेने पूरक आहाराची एक चाचणी केली. एकात्मिक बालविकास सेवा योजना तेव्हा टप्प्याटप्प्याने पसरत होती. १५ गावांमध्ये ती पोहोचली होती आणि तेथील गर्भवती स्त्रियांना व सहा वर्षांखालील बालकांना पूरक आहार मिळत होता. शेजारच्या १४ गावांमध्ये ती अद्याप आलेली नव्हती. मूळ प्रश्न जन्मवजनापुरता होता.

२००३ ते २००५ दरम्यान संशोधक त्या गावांत परतले. बालके आता १३ ते १८ वर्षांची झाली होती. १,१६५ जणांची तपासणी झाली आणि २००८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने तिचे निष्कर्ष छापले. आहार मिळालेल्या गावांतील मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच होती. त्यांच्या शरीरात इन्सुलिनला होणारा प्रतिरोध कमी होता आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणाही कमी होता. रक्तदाबात आणि रक्तातल्या चरबीत मात्र फरक आढळला नाही. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हे या अभ्यासाचे उणेपण. तरीही, अंगणवाडीतल्या आहाराचा हृदयाच्या आरोग्याशी काही संबंध आहे का, हा प्रश्न नव्याने विचारायचा तर आज चाचणी सुरू करून पंधरा वर्षे थांबावे लागले असते. गावे जागच्या जागी होती, म्हणून उत्तर आधी मिळाले. पुढे त्या मुलांचे आईवडील आणि भावंडे यांनाही सामील करून घेण्यात आले आणि एका जुन्या चाचणीचा कुटुंब-अभ्यास झाला.

या कथेत तुलनेच्या १४ गावांकडे माझे लक्ष पुनःपुन्हा जाते. त्यांना त्या वेळी काही मिळाले नव्हते. ज्यांना पहिल्या वेळी काहीच दिले नाही, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कोणत्या तोंडाने जायचे? तरीही त्यांच्यावाचून 'फरक' हा शब्दच उच्चारता येत नाही. अशा अभ्यासांत तुलनागट परत येतो तो निव्वळ सौजन्याने.

पुणे : धागा तुटूच दिला नाही

आतापर्यंतची उदाहरणे हरवलेल्यांच्या शोधाची होती. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दुसरी वाट धरली : माणसे हरवूच द्यायची नाहीत. पुण्याजवळच्या सहा गावांतील २,६७५ विवाहित स्त्रियांपैकी २,४६६ जणी सहभागी झाल्या. क्षेत्रसेविका दर महिन्याला घरी जाऊन पाळीच्या तारखा नोंदवत. त्यातून गर्भारपण लवकर कळे, आणि गर्भवतींचा आहार, श्रम आणि रक्तातले पोषक घटक वेळेवर मोजता येत. या अभ्यासात ७६२ बालके जन्मली.

'हडकुळे पण चरबीयुक्त' असे ज्याचे वर्णन होते ते भारतीय बाळ जगापुढे आले ते याच अभ्यासातून. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरेच कमी, हातापायांनी बारीक, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखून असलेले बाळ. पुढे, ही बालके सहा वर्षांची झाल्यावर, गर्भारपणात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा प्रतिरोध जास्त आढळला. ही मुले वयात आली तेव्हा त्यांच्याच गावांत २०१२ मध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची चाचणी सुरू झाली. या मुलामुलींना पुढे होणारी अपत्ये अधिक निरोगी असतील का, हा तिचा प्रश्न. पहिल्या नोंदीत आजी, दुसरीत आई, तिसरीत बाळ असा हा तीन पिढ्यांचा अभ्यास झाला. अठराव्या वर्षीही मूळ बालकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संपर्कात होती.

दिल्लीचे १९ टक्के आणि पुण्याचे ९० टक्के यांची थेट तुलना अन्यायाची ठरेल. महानगर आणि सहा गावे यांच्यात स्थलांतराचा फरक आहे. आणि दिल्लीची संख्या दहापटीहून मोठी होती. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. पुण्यात दोन मापनांच्या मधल्या वर्षांतही कोणीतरी त्या उंबऱ्यावर जात होते. मुलीचे लग्न कुठे झाले, मुलगा कुठल्या कंपनीत लागला, हे त्या सेविकेला ठाऊक असे. शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये तिचे नाव सहसा नसते, पण दुसरा आकडा तिच्या पायांनी उभा राहतो.

भोपाळ : जेथे शोध थांबला

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूची गळती झाली. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वायुबाधित भागांतील ८०,०२१ लोकांची आणि तुलनेसाठी बाधा न झालेल्या भागांतील १५,९३१ लोकांची नोंद केली. माणसाच्या शरीरावर या वायूचा दीर्घकाळ काय परिणाम होतो, हे सांगू शकणारा असा दुसरा समूह जगात नव्हता, आणि पुन्हा कधी नसावा अशीच आपली इच्छा असणार.

परंतु नोंदलेली वस्ती बहुतांशी कष्टकऱ्यांची. पोटामागे माणसे हलत गेली आणि वर्षागणिक संपर्क आक्रसत गेला. १९९४ मध्ये परिषदेचे काम थांबले आणि पुढची जबाबदारी राज्य शासनाकडे गेली. पाहणीचा सविस्तर अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये भोपाळमध्येच पर्यावरणीय आरोग्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तेव्हा पहिल्या नोंदीला पंचवीस वर्षे होत आली होती. जे मधल्या काळात वस्ती सोडून गेले, त्यांची फुप्फुसे, त्यांचे डोळे, त्यांची मुले यांच्याविषयी प्रश्न विचारायचा तर विचारणार कोणाला?

येथे हानी केवळ ज्ञानाची नाही. एखादा विकार वायूमुळेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी जेव्हा बाधितावर येते, तेव्हा दीर्घकालीन नोंद हा त्याचा पुरावा असतो. दुसरा आकडा हरवला की त्याचा दावाही दुबळा होतो.

'हो' दुसऱ्यांदा विचारायचे असते

जुन्या सहभागींचा शोध लागला, म्हणजे काम झाले असे नाही. दिल्लीत पहिली संमती आईबापांची होती. बालकाला कोण विचारणार? तीस वर्षांनी दार वाजते तेव्हा समोर एक प्रौढ, स्वतंत्र नागरिक उभा असतो, आणि आपल्या बालपणाची एक फाइल कुठेतरी आहे, हेही कदाचित त्याला प्रथमच कळत असते. १९६९ मध्ये भारतात मानवी संशोधनाची लिखित नीतितत्त्वे नव्हती. वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले धोरण-निवेदन १९८० चे. परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बालपणी सहभागी झालेली व्यक्ती सज्ञान झाल्यावर तिची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते. म्हणजे प्रत्येक फेरीत 'नाही' म्हणण्याचा अधिकार शाबूत असतो. संशोधकाच्या दृष्टीने ती गळती असेल. त्या माणसाच्या दृष्टीने तो त्याचा हक्क आहे. हक्क आणि अचूकता यांच्यातला हा ताण सूत्राने सुटत नाही. पहिल्या भेटीत तपासणीचा अहवाल हाती दिला होता का, तो समजेल अशा भाषेत होता का, आजार आढळल्यावर उपचाराची वाट दाखवली होती का, यांवर दुसऱ्या भेटीचे उत्तर अवलंबून असते.

आता पुन्हा सीएसआयआरच्या १०,००० सहभागींकडे वळू. कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांची निवड करण्याचा मोठा फायदा या इतिहासावरून सहज कळतो : ही माणसे पुन्हा सापडतात. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपानाच्या अभ्यासासाठी ब्रिटनमधले डॉक्टर निवडले. डॉक्टरांची नावे वैद्यक नोंदणीत होती, आणि ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा पन्नास वर्षे चालला. त्याची किंमतही तेवढीच स्पष्ट आहे. पगारदार, शिकलेला, शहरात स्थिरावलेला भारतीय म्हणजे सगळा भारत नव्हे. ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरची स्त्री, बांधकामावरून बांधकामाकडे जाणारे कुटुंब यांना दहा वर्षांनी शोधणे कठीण, म्हणून ते अशा अभ्यासांतून आधीच वगळले जातात. ज्यांचा पत्ता टिकत नाही, त्यांच्या आजारांचा इतिहासही टिकत नाही. पुढच्या राष्ट्रीय अभ्यासांपुढचे खरे आव्हान हेच आहे, आणि ते यंत्रांनी सुटणारे नाही. तीन-पाच वर्षांच्या प्रकल्प-अनुदानांच्या मधल्या रिकाम्या वर्षांत क्षेत्रसेविकेचा पगार चालू राहील का, यावर ते बरेचसे अवलंबून आहे.

म्हणून यापुढे एखाद्या दीर्घकालीन आरोग्य-अभ्यासाची बातमी वाचाल, तेव्हा पहिला आकडा वाचून थांबू नका. मूळ निबंध उघडा आणि दुसरा आकडा शोधा : किती जण परत आले, कोण आले नाहीत, आणि न आलेल्यांविषयी संशोधकांनी काय सांगितले आहे. या विषयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगेन की नोंदवहीत सहभागीच्या पत्त्याबरोबर, त्याच्या संमतीने, गावाकडच्या एका नातेवाइकाचा पत्ताही लिहून ठेवा. तीस वर्षांनी ती वही उघडणारा बहुधा दुसराच कोणी असेल, आणि त्याला तो पत्ता लागेल.